ऑडिओ रूममध्ये पहिल्यांदा जाताना: ऐकण्यापासून स्वतःची रूम चालवण्यापर्यंत

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या माझ्या मावशीचा फोन आला. "अगं, तुमचं ते गुरुवारचं कवितावाचन मला घरबसल्या ऐकता येईल का? बोलायचं नाहीये मला, नुसतं ऐकायचंय." मावशी एकोणसत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे चाळीचे तीन मजले उतरून दादरपर्यंत येणे तिला आता झेपत नाही. त्यानंतर सहा आठवड्यांनी आमच्या कवितावाचनाच्या ऑडिओ रूममध्ये, म्हणजे फोनवरच्या ॲपमधून एकत्र ऐकण्या-बोलण्याच्या जागेत, तिने बालकवींची एक कविता वाचली, तेव्हा ऐकणाऱ्यांमध्ये तिच्या दोन जुन्या विद्यार्थिनीही होत्या. त्या सहा आठवड्यांत आम्ही दोघींनी जे जे केले, ते ज्याने अशा ॲपवर अजून पाऊल ठेवलेले नाही अशा कोणालाही उपयोगी पडेल, म्हणून येथे क्रमाने लिहीत आहे.

लिहिण्याच्या ॲपवर चूक झाली तर पोस्ट खोडता येते आणि फोटोच्या ॲपवर वाईट फोटो टाळता येतो. आवाजाच्या ॲपवर मात्र बोललेला शब्द त्याच क्षणी समोरच्याच्या कानात पोहोचलेला असतो आणि तुमचा आवाज हीच तुमची तिथली सगळी ओळख असते. त्यामुळे सुरुवातीचा बहुतेक वेळ ऐकण्यात आणि आवाज नीट पोहोचेल याच्या तयारीत घालवावा, असे माझे ठाम मत आहे. बोलण्याची पाळी त्यानंतर आपोआप येते.

रूम म्हणजे नेमके काय

दादरच्या एखाद्या सभागृहातला कार्यक्रम डोळ्यांसमोर आणावा. मंचावर काही माणसे असतात, त्यांच्यातला एक जण सूत्रे सांभाळतो आणि बाकीचे समोर बसून ऐकतात. ऑडिओ रूमची रचना अशीच असते. रूम उघडणारा तो होस्ट, त्याला मदत करणारे सहहोस्ट किंवा मॉडरेटर, ज्यांचा माइक चालू होऊ शकतो ते वक्ते आणि उरलेले श्रोते. श्रोत्याला काही विचारायचे असेल तर तो पडद्यावरचे 'हात वर' चिन्ह दाबतो. होस्टने मंजुरी दिली की त्याचे नाव वक्त्यांमध्ये जाते. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलपेक्षा हे वेगळे आहे, कारण कॉलमध्ये आलेला प्रत्येक जण बोलू शकतो, तर येथे शेकडो माणसे गोंगाट न होता एकत्र ऐकू शकतात.

मुंबईला दुरून ऐकण्याची सवय जुनी आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून या शहरातल्या कितीतरी घरांत संध्याकाळ रेडिओभोवती जमली. मावशीलाही मी हाच धागा पकडून समजावले होते. रेडिओवर निवेदकाला आपण प्रश्न विचारू शकत नव्हतो, येथे हात वर करता येतो, एवढा फरक तिला पुरेसा होता.

ॲप कोणते घ्यावे

या प्रकाराला मोठी ओळख मिळवून दिली ती क्लबहाउसने. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते आयफोनवर आले आणि आत जाण्यासाठी कोणाचे तरी निमंत्रण लागत असे. मे २०२१ मध्ये ते भारतातल्या अँड्रॉइड फोनवर आले आणि जुलै २०२१ मध्ये निमंत्रणाची अट गेली. त्याच सुमारास ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, स्पेसेस आणले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ते सर्वांना उघडता येऊ लागले. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये त्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, व्हॉइस चॅट आले होते. नंतर ही लाट ओसरली. स्पॉटिफाय लाइव्ह आणि रेडिट टॉक या दोन्ही सेवा २०२३ मध्ये बंद झाल्या आणि त्याच वर्षी क्लबहाउसनेही आपले रूप पालटून ओळखीच्या गटांमधल्या ध्वनिसंदेशांवर भर दिला.

हा इतिहास सांगण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. ॲप येतात आणि जातात, म्हणून ॲपची निवड त्याच्या नावलौकिकावरून न करता, तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचे आहे ती माणसे आज कोठे आहेत यावरून करावी. अनोळखी श्रोत्यांपर्यंत पोहोचायचे असेल, चालू घडामोडींवर चर्चा करायची असेल, तर एक्स स्पेसेस सोयीचे पडते, कारण तिथली सर्वसाधारण स्पेस सार्वजनिक असते आणि तुम्हाला फॉलो न करणाराही ती ऐकू शकतो. वाचकमंडळ, सोसायटी, माजी विद्यार्थी असा ठरलेला गट असेल तर टेलिग्राम बरे, कारण सदस्य आधीच ग्रुपमध्ये असतात. आमचे कवितावाचन टेलिग्रामवरच चालते. तुम्ही कोणतेही ॲप घ्या, पण आपल्या मंडळींचे फोन नंबर किंवा ईमेल त्या ॲपच्या बाहेरही एका वहीत ठेवा. ॲप बंद पडल्यावर विखुरलेला गट पुन्हा जमवणे फार अवघड असते.

खाते, नाव आणि परवानग्या

ॲप फक्त फोनच्या अधिकृत प्ले स्टोअरमधून किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्यावे, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नव्हे. खाते उघडताना सहसा मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो. हा ओटीपी घरातल्या मदत करणाऱ्या माणसाखेरीज कोणालाही सांगायचा नसतो, हे मावशीला मी दोनदा सांगितले आणि येथेही सांगते.

नाव शक्यतो खरे द्यावे. केवळ आवाज ऐकू येत असताना समोरच्याला नावाचाच आधार असतो आणि 'मुंबईकर१२३' अशा नावाच्या माणसाला मंचावर घ्यायला कोणताही होस्ट कचरतो. नाव देवनागरीत लिहिले तर चालते, मात्र ओळखीची माणसे रोमन लिपीत शोधतात हे लक्षात घेऊन वापरकर्ता-नाव त्या लिपीत ठेवावे. परिचयाच्या जागी तीन ओळी पुरतात: तुम्ही काय करता, कोणत्या विषयात रस आहे आणि कोणती भाषा बोलता. मावशीने लिहिले, 'गिरगावात राहते. चौतीस वर्षे मराठी शिकवले. कविता ऐकायला आवडतात.' यापेक्षा चांगला परिचय मी पाहिलेला नाही. घराचा पत्ता, शाळकरी नातवंडांचे फोटो, रोज घराबाहेर पडण्याच्या वेळा यांपैकी काहीही तेथे लिहू नये.

त्यानंतर ॲप एकामागून एक परवानग्या मागते. माइकची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' या पर्यायाने द्यावी. संपर्कयादीची परवानगी मागितली तर ती नाकारली तरी बहुतेक कामे होतात. ती दिली तर तुमच्या फोनमधल्या शेकडो लोकांचे नंबर त्यांना न विचारता तुम्ही एका कंपनीच्या हाती देत असता. सूचनांची परवानगी द्यावी, परंतु ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या कमीत कमी ठेवाव्यात, नाहीतर दिवसभर फोन वाजत राहतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस कंटाळून ॲप काढून टाकतो.

पहिले दोन आठवडे फक्त ऐकावे

किमान तीन-चार रूम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकाव्यात, त्याही वेगवेगळ्या प्रकारच्या. ऐकताना विषयाइतकेच रूम कशी चालते याकडे लक्ष द्यावे. नवीन माणूस मंचावर आला की होस्ट त्याला कसा बोलावतो, किती वेळ देतो, कोणी भरकटले तर कसे आवरतो, हे पाहावे. क्लबहाउसच्या भराच्या काळात टाळ्यांऐवजी वक्ते आपला माइक भराभर चालू-बंद करत आणि पडद्यावर ती चिन्हे लुकलुकत. एक्सवर त्यासाठी इमोजी असतात. प्रत्येक ॲपचे असे रिवाज असतात आणि ते ऐकूनच कळतात.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. बहुतेक रूममध्ये कोण ऐकत आहे ते इतरांना दिसते आणि काही ॲप तर तुमच्या ओळखीच्या लोकांना तुम्ही अमुक रूममध्ये आहात हे कळवतात. म्हणून जी रूम लोकांसमोर ऐकायला संकोच वाटेल, तिच्यात जाऊ नये. दुसरी गोष्ट, निघताना कोणाची परवानगी लागत नाही. मावशीला पहिल्या रात्री मधूनच उठून जाणे असभ्य वाटले आणि ती झोप आवरत साडेअकरापर्यंत बसून राहिली. ऑडिओ रूममधून श्रोत्याने गुपचूप निघून जाणे पूर्णपणे रीतीला धरून आहे.

टेलिग्रामबाबत एक सावधगिरी बाळगावी. तेथे ॲडमिनने नव्या सदस्यांचे माइक बंद ठेवण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर आत जाणारा थेट बोलू शकतो. म्हणून आत शिरताच पहिल्यांदा माइकचे चिन्ह पाहावे. अँड्रॉइड १२ पासूनच्या फोनवर माइक वापरात असला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, आयफोनवर आयओएस १४ पासून तो नारिंगी असतो. परंतु हा ठिपका ॲपने माइक हाती घेतल्याचे सांगतो, तुमचा आवाज रूममध्ये जात आहे की नाही हे सांगत नाही. त्यासाठी ॲपमधल्या म्यूटच्या चिन्हावरच विसंबावे.

आवाज नीट पोहोचण्यासाठी

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुंबईतल्या घरांत अडचण येते ती येथेच. बोलण्याआधी फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरवर एक मिनिट बोलून ते इयरफोन लावून ऐकावे. मावशीने तसे केले आणि स्वतःचे बोलणे ऐकून ती चकित झाली. छताच्या पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि या सगळ्यावर दर दोन सेकंदांनी येणारा 'खर्र खर्र' असा एक आवाज. तो कोठून येतो हे आम्हाला बराच वेळ कळेना. मग तिने मान हलवली तेव्हा दिसले की, इयरफोनच्या वायरवरचा छोटा माइक तिच्या मंगळसूत्राच्या मण्यांवर घासत होता. वायर पदराच्या वरच्या बाजूला साध्या कपड्याच्या चिमट्याने अडकवली आणि तो आवाज गेला.

खोलीची निवडही महत्त्वाची आहे. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परतवतात, त्यामुळे बोलणे विहिरीतून आल्यासारखे घुमते. गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेले कपाट असलेली खोली उत्तम. मावशी उघड्या कपाटाकडे तोंड करून बसते आणि समोरच्या टेबलावर गोधडी अंथरते. वन रूम किचनच्या घरातही एवढे जमते. गॅलरीचे दार बंद करावे, बोलण्याच्या दोन-तीन मिनिटांपुरता पंखा बंद करावा, आणि पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळू लागली तर बोलणे पुढे ढकलावे. त्या आवाजापुढे कोणताही माइक टिकत नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकत बोलू नये, कारण स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि इतरांना आपलाच प्रतिध्वनी ऐकू येतो. त्यासाठी इयरफोन लावणे आवश्यक आहे. वायरवाला साधा इयरफोन ब्लूटूथपेक्षा पुष्कळदा चांगला ठरतो, याचे कारण तांत्रिक आहे. ब्लूटूथ इयरफोनचा माइक सुरू झाला की तो सहसा गाणी ऐकण्याच्या उच्च दर्जाच्या पद्धतीवरून फोनकॉलच्या पद्धतीवर जातो आणि दोन्ही बाजूंचा आवाज चपटा होतो. फोन हातात धरून बोलायचे असेल तर तोंडापासून वीतभर अंतर ठेवावे आणि माइक ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला धरावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' उच्चारताना हवेचा फटका बसत नाही.

इंटरनेटची चिंता त्या मानाने कमी असते. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने आवाज येत असेल तर तासाभरात सुमारे २९ एमबी डेटा खर्च होतो, म्हणजे व्हिडिओच्या तुलनेत फारच थोडा. बोलताना मात्र डेटाच्या वेगापेक्षा जोडणीचे सातत्य महत्त्वाचे असते, म्हणून एका जागी बसून बोलावे. लोकलमधून ऐकायला हरकत नाही, बोलू मात्र नये. आणि फोन 'व्यत्यय नको' स्थितीत ठेवावा, कारण मध्येच कॉल आला तर तुमचे वाक्य अर्धवट तुटते.

पहिल्यांदा बोलताना

पहिले बोलणे एका मिनिटाचे असावे आणि ते कागदावर लिहिलेले असावे. मंचावर घेतल्याची सूचना आली की लगेच माइक चालू करू नये. होस्ट नाव घेईपर्यंत थांबावे. माइक चालू केल्यावर एक श्वास घेऊन मग सुरुवात करावी, कारण आवाज पोहोचायला थोडा अवधी लागतो आणि घाईने उच्चारलेला पहिला शब्द हरवतो. नाव, गाव आणि मग थेट मुद्दा, असा क्रम ठेवावा. मावशीचे पहिले बोलणे असे होते: "नमस्कार, मी गिरगावातून बोलते आहे. आत्ता वाचलेल्या कवितेतल्या तिसऱ्या कडव्यात यति, म्हणजे ओळीतला थांबा, कोठे घ्यावी, हे वाचणाऱ्यांनी पुन्हा वाचून दाखवावं, अशी माझी विनंती आहे. एवढंच." शेवटचा 'एवढंच' हा शब्द मोलाचा आहे. चेहरा दिसत नसल्यामुळे बोलणे संपले की नाही हे इतरांना कळत नाही, म्हणून शेवट शब्दांनी सांगावा लागतो. त्यानंतर ताबडतोब म्यूट करावे.

दोघे एकाच वेळी बोलू लागले तर आपण थांबावे आणि "आपण बोला, मी नंतर बोलते," असे म्हणावे. अनोळखी माणसाशी बोलताना 'आपण' किंवा 'तुम्ही' वापरावे, समोरचा वयाने लहान वाटला तरीही. आवाजावरून वयाचा अंदाज नेहमी बरोबर येत नाही.

स्वतःची रूम उघडायची असेल तर

ही पायरी दोन-तीन महिन्यांनी चढावी. विषयाचे नाव नेमके असावे. 'मराठी साहित्यावर गप्पा' या नावाकडे कोणी वळत नाही, पण 'पावसाच्या पाच कविता: वाचन आणि चर्चा' असे नाव दिले तर आत काय मिळेल ते कळते. वेळ ठरवताना मुंबईचा दिनक्रम पाहावा. साडेआठपर्यंत अर्धे लोक प्रवासात असतात, म्हणून आम्ही रात्री नऊची वेळ घेतली. परदेशातले मराठी श्रोते हवे असतील तर हीच वेळ दुबईत साडेसात, लंडनमध्ये उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन, न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा अशी पडते. निमंत्रणात या वेळा लिहून द्याव्यात.

एकट्याने रूम चालवू नये. एक सहहोस्ट हात वर केलेल्यांची यादी पाहतो, दुसरा बोलणे पुढे नेतो. होस्टचे नेट गेले तरी सहहोस्टमुळे रूम चालू राहते. एक्स स्पेसेसवर होस्ट आणि दोन सहहोस्ट धरून एका वेळी १३ जण बोलू शकतात. माझ्या अनुभवात सहाच्या वर वक्ते झाले की सूत्र सुटू लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी विषय, वक्त्यांची नावे आणि आता काय चालू आहे हे दोन वाक्यांत पुन्हा सांगावे. आधीपासून बसलेल्यांना ते पुनरुक्तीचे वाटते, तरीही सांगावे. नव्याने आलेला माणूस एका मिनिटात काही न कळल्यास निघून जातो.

साहित्याचे वाचन करताना हक्कांचा विचार करावा. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट असतो. केशवसुत १९०५ मध्ये आणि बालकवी १९१८ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या प्रसिद्ध कविता कोणालाही मोकळेपणाने वाचता येतात. आजच्या लेखकांचा माफक उतारा जाहीरपणे वाचण्यास १९५७ चा कायदा मुभा देतो, परंतु पूर्ण कथा वाचायची किंवा वाचन रेकॉर्ड करून ठेवायचे असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्यावी. आम्ही विचारलेल्या कवींपैकी एकानेही आजवर नकार दिलेला नाही, उलट दोघे स्वतः येऊन बसले.

रेकॉर्डिंग चालू असेल तर ॲप तसे चिन्ह दाखवते, पण होस्टने ते तोंडीही सांगावे. श्रोत्याने मात्र चिन्ह नसले तरी आपले बोलणे कोणी तरी दुसऱ्या फोनवर टिपत असेल, असे धरूनच बोलावे.

त्रास देणारी माणसे आणि फसवणूक

कोणी अर्वाच्य बोलू लागले तर वाद घालत बसू नये. होस्टने आधी म्यूट करावे, मग श्रोत्यांत पाठवावे, नंतर ब्लॉक आणि रिपोर्ट करावे. या क्रमाला दहा सेकंद लागतात. रूममध्ये बोललेले हवेत विरते, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. जानेवारी २०२२ मध्ये क्लबहाउसवर महिलांविषयी झालेल्या अश्लील संभाषणाच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने हरियाणातून तिघांना अटक केली होती. महिलांनी अशा प्रसंगी रूमचे नाव, वेळ आणि बोलणाऱ्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट लगेच घेऊन ठेवावा, कारण रूम संपल्यावर ती माहिती शोधणे कठीण जाते.

शेअर बाजाराच्या 'टिप्स' देणाऱ्या, घरबसल्या कमाईचे आश्वासन देणाऱ्या आणि शेवटी दुसऱ्या ग्रुपची लिंक पाठवणाऱ्या रूममधून त्याच क्षणी बाहेर पडावे. गुंतवणुकीचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी असणे आवश्यक असते आणि ती सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. पैसे गेलेच, तर सकाळची वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम वाटेत थांबवली जाण्याची शक्यता अधिक असते.

रूम ठरलेल्या वेळी संपवावी, मंडळी रंगात आली असली तरीही. आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी शेवटचा हात घेतो, साडेदहाला पुढच्या गुरुवारचा विषय सांगतो आणि मग होस्ट सर्वांसाठी रूम बंद करतो. केवळ स्वतः बाहेर पडून चालत नाही, कारण काही ॲपवर होस्ट गेल्यानंतरही रूम उघडी राहते आणि तुमच्या गटाच्या नावाखाली कोणीही काहीही बोलू शकते. बंद झाल्याची खात्री करण्याचे काम आता मावशीने स्वतःकडे घेतले आहे. साडेदहानंतर ती एकदा ग्रुप उघडून पाहते आणि मला 'झाली बंद' असा निरोप पाठवते.